एका ब्लेडच्या दोन दाढ्या

१

माझं पोट दुसऱ्यांच्या दातांवर चालतं. मी कवळ्या बनवतो. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे येतात, आम्ही मेणात एकेक दात बसवतो, कोरतो, घासून गुळगुळीत करतो. पंचवीस वर्षं हेच काम. त्यात केसाएवढी चूक झाली तरी गिऱ्हाईक महिनाभर जेवताना आमचा उद्धार करतं. हे आधीच सांगितलं, कारण माझा हात मुळातच कच्चा होता असं पुढे कुणी म्हणायला नको.

तरीही वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला दाढी करायला शिकावं लागलं. तोवर माझ्याकडे मशीन होतं. आठवड्यातून दोनदा गालावरून फिरवायचं की झालं. बायको म्हणायची, ही दाढी नाही, हा आळस उगवलाय.

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. चाळीस वर्षं त्यांनी बेकरीची भट्टी सांभाळली होती. पिठात केस पडला तर सगळा घाणा वाया, म्हणून दाढी रोज. सुट्टीच्या दिवशीसुद्धा, अंगात ताप असतानासुद्धा. त्यांचा एक जड स्टीलचा रेझर होता, दांडी पिळली की डोकं उघडणारा, दुधारी ब्लेड बसणारा. इस्पितळात त्यांच्या गालाला कुणी मशीन लावलं, तर त्यांनी असा काही आवाज काढला की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. घरी मी लावून पाहिलं, पुन्हा तेच. दाढी वाढली, हनुवटीखाली पुरळ उठलं, त्यात पाणी झालं. शेवटी मी फळीवरून तो रेझर काढला.

त्याला मी जन्मात हात लावला नव्हता. लावू दिला नव्हता, असं म्हणायला हवं. सोळाव्या वर्षी मिसरूड फुटलं तेव्हा मी तो मागितला. बाबांनी दुसऱ्या दिवशी मला वापरून फेकायचा प्लॅस्टिकचा आणून दिला आणि म्हणाले, "ज्याचं त्याला." मला फार लागलं होतं ते. इतर पोरांचे बाप त्यांना मागे उभे राहून शिकवतात, आणि आपला बाप एक लोखंडाचा तुकडा देत नाही.

२

बाबांचे हातपाय हलवून घ्यायला एक गृहस्थ रोज सकाळी यायचे. नाव काहीही असलं तरी आमच्या घरात ते व्यायामवाले. ते स्वतः असल्याच रेझरने दाढी करत. त्यांनी मला शिकवायचं मनावर घेतलं.

"आधी स्वतःवर शिका," ते म्हणाले. "दुसऱ्याची दाढी म्हणजे दुसऱ्याचं पोर कडेवर घेण्यासारखं असतं. आणि जोर लावायचा नाही. रेझरला स्वतःचं वजन आहे, तेवढं पुरे."

पहिल्या दिवशी मी सात ठिकाणी कापून घेतलं. माझी मुलगी खारू नऊ वर्षांची आहे. तिने काप मोजले आणि प्रत्येकावर तुरटी फिरवायचं काम स्वतःकडे घेतलं. तिसऱ्या दिवशी दोन, पाचव्या दिवशी एकही नाही. कातडी दुसऱ्या हाताने ताणायची, हात छोटे छोटे मारायचे, दर दोन हातांनी रेझर पाण्यात हलवायचा. खरी मेख वेगळीच असते. केस सगळीकडे एका दिशेने उगवत नाहीत. गालावर खाली, गळ्यावर आडवे, जबड्याखाली कुठे कुठे भोवरा. पहिला हात केसाच्या दिशेने मारायचा, मग फेस लावून उलटा. दिशा चुकली की रक्त. व्यायामवाल्यांच्या सांगण्यावरून मी एका कागदावर माझा चेहरा काढला, गालगळ्यावर बाण काढून केसांच्या दिशा दाखवल्या, तारीख घातली आणि तो आरशाशेजारी चिकटवला.

"ब्लेड मात्र दोघांची वेगळी ठेवा," जाताना ते म्हणाले.

मी मान डोलावली. पण आमच्या घरात ब्लेड सहजासहजी टाकत नाहीत. बाबा एक ब्लेड पंधरा दिवस चालवायचे. काचेच्या पेल्यात आतून बोटाने दाबून ते चार वेळा मागेपुढे घासलं की धार परत यायची. न्हाणीघराच्या बंद दारामागचा तो किरकिर आवाज ऐकत मी लहानाचा मोठा झालो. हातात ब्लेड आल्यावर मीही पेला शोधला. आधी माझी दाढी, म्हणजे हात बसतो, मग त्याच ब्लेडने बाबांची. घरातल्या घरात कसला आलाय संसर्ग, असं मी बायकोला म्हणालो. तिलाही ते पटलं.

३

पहिल्या दिवशी रेझर पाहून बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी हळूच सरळ केलं, त्यांनी पुन्हा वळवलं. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मला वाटलं, लाज वाटत असेल. ज्याला आपण न्हाऊमाखू घातलं त्याच्याकडून दाढी करून घ्यायची म्हणजे वाईट वाटणारच. मी गप्पा मारत दाढी उरकली.

पाच-सहा दिवस असेच गेले. मग त्यांनी तोंड वळवणं सोडलं. दहाव्या दिवशी मी खोलीत गेलो तेव्हा ते मान ताणून, हनुवटी वर करून तयारच होते. फेस अजून वाटीत होता.

त्याच सकाळी मी स्वतःला कापलं. डाव्या जबड्याखाली, चांगलं लांबलचक. कागदावर तिथे बाण खाली होता. बोट फिरवून पाहिलं तर केस वर चालले होते. आरशात बघून चित्र काढताना डावं-उजवं झालं असेल, म्हटलं. पण डावं-उजवं करून माझ्या धंद्यात भागत नाही, आणि पंचवीस वर्षांत माझं ते कधी झालेलं नाही. मी दुसरा कागद घेतला आणि नीट चाचपून नवे बाण काढले. चार दिवसांनी तेही जुळेनात.

मग बाबांची दाढी करताना माझं लक्ष गेलं. माझा हात आपोआप बरोबर चालला होता. कुठे सुलटा, कुठे आडवा, जबड्याखाली भोवरा कसा चुकवायचा, सगळं त्याला पाठ होतं. मी उठलो, न्हाणीघरातून पहिला कागद आणला आणि त्यांच्या गालाशी धरला. एकूण एक बाण जुळला.

बाप-लेकाचे केस सारखे असणारच, मी स्वतःला समजावलं. तरी त्या दिवशी कामावर जाताना मी दोनदा अर्ध्या वाटेतून परत आलो. एकदा दार लावलंय का बघायला आणि एकदा कशासाठी ते आठवत नाही.

४

त्याच आठवड्यात मी एक सुळा बिघडवला. मेण कोरताना कोरणी सरकली. तसं होतं कधीकधी. दुसऱ्या दिवशी अख्खी दाढ बिघडवली. मालक माझ्याहून लहान आहेत, पण जीभ तिखट. त्यांनी ती कवळी उलटसुलट करून पाहिली.

"ही माणसाची की बैलाची?" ते म्हणाले. "काका, घरी जा. झोपा जरा. आजाऱ्याच्या घरात सगळेच आजारी पडतात."

घरी आलो तर बायको दारातच उभी. तिचे डोळे रडून लाल आणि तोंडभर हसू.

"बाबांनी बोट हलवलं," ती म्हणाली. "उजवं बोट. व्यायामवाले म्हणत होते, तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत झालं. तुझ्या हाताला यश आहे बघ."

मलाही रडू आलं, आनंदाचंच. मग मी आत जाऊन माझा उजवा हात टेबलावर ठेवला आणि बघत बसलो. अंगठ्याशेजारचं बोट थरथरत होतं, अगदी थोडं. दाबलं की थांबायचं, सोडलं की पुन्हा सुरू. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते कधीकधी. मी तसं मोठ्याने म्हणालोसुद्धा. खारू अभ्यास करत होती. तिने विचारलं, "पप्पा, कुठला कावळा?"

पुढच्या पंधरा दिवसांत बाबा उशीला टेकून बसू लागले. मग चमचा धरू लागले. मी कामावर मेण कोरायचं सोडून प्लॅस्टर ओतायचं काम मागून घेतलं.

५

बोटांना चाळा लागला होता. सारखा हात हनुवटीकडे जायचा. आज केस कुठल्या दिशेला आहेत, सकाळी होते तसेच आहेत का, हे तासातासाला तपासल्याशिवाय चैन पडेना. एका दुपारी प्लॅस्टर ओतताना हनुवटीखाली, डावीकडे, बोट एकदम घसरलं.

दातांमागे बघायचे छोटे गोल आरसे आमच्याकडे ढिगाने असतात. मी एक घेतला आणि खिडकीशी गेलो. नाण्याएवढी जागा. केस नाहीत, केसांची मुळंही नाहीत, आणि कातडी चकचकीत, थोडी आवळलेली, भाजून बरी झालेली असते तशी.

ती जागा मला माहीत होती. गेला महिनाभर रोज सकाळी मी तिथून रेझर उचलून पलीकडे टेकवत होतो. बाबांना तरुणपणी भट्टीतला तापलेला पत्रा लागला होता. तेव्हापासून त्यांच्या हनुवटीखाली केस उगवत नसत.

मालकांना न सांगता मी घरी आलो. चप्पलही काढली नाही. बाबा उशीला टेकून बसले होते, ऊन तोंडावर होतं. मी त्यांची हनुवटी वर केली. जागा सापडेना. बोटाने शोधली तेव्हा कळलं की तिथे केस आहेत. दाट, आखूड, आणि काळे. बाबांची दाढी वीस वर्षांपूर्वीच पांढरी झाली आहे.

मी हात काढून घेतला. बाबा माझ्याकडे बघत होते. पहिल्या दिवसासारखं पाणी त्या डोळ्यात नव्हतं. आपलं पान वाढायला किती वेळ लावतात, असं बघणाऱ्या माणसाची नजर होती ती.

मला भीती वाटली. स्वतःच्या बापाची, जो अजून एकटा पाणी पिऊ शकत नव्हता.

६

दुसऱ्या दिवसापासून ब्लेड वेगळी. माझ्यासाठी नवं पाकीट आणलं, बाबांचं ब्लेड वेगळ्या डबीत. कारण कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

तिसऱ्या दिवशी माझं बोट थांबलं. मी मेणाचा तुकडा घेऊन एक सुळा कोरला, इतका सुबक की मालकांनी तो दिव्यापाशी धरून पाहिला आणि काहीच बोलले नाहीत. त्यांच्याकडून ती शाबासकी समजायची.

आणि तिसऱ्याच दिवशी बाबांच्या हातून चमचा पडला. संध्याकाळी तोंडाची उजवी बाजू पुन्हा लोंबली. चौथ्या दिवशी पाणी घशात अडकून ते काळेनिळे झाले. डॉक्टर येऊन गेले. बाहेरच्या खोलीत बूट घालताना ते म्हणाले, "असंच उतरत गेलं तर दहाएक दिवस. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती.

"तू काही वेगळं करतोयस का?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"इतके छान सुधारत होते. तू रोज त्यांच्याजवळ बसत होतास, बोलत होतास. हल्ली दाढी उरकतोस आणि पळतोस. त्यांना कळतं सगळं."

मी तिला उजेडात नेलं आणि हनुवटी वर केली. "हे बघ. हे इथे काय आहे?"

तिने बोट फिरवलं. "तुझा डाग."

"हा कधीपासून आहे?"

"अरे, लग्नाच्या आधीपासून आहे. पत्रा लागला होता ना तुला?" तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "तू दमलायस. जरा पड."

७

मी पडलो नाही. शनिवारचा अख्खा दिवस मी चालत होतो. खोलीतून खोलीत, मग जिन्यावरून खाली, रस्त्याच्या टोकापर्यंत आणि परत. समोरच्या दुकानदाराने चौथ्या फेरीला विचारलं की काही हरवलंय का.

एका बाजूला बाबा. दहा दिवस. दुसऱ्या बाजूला माझा हात, म्हणजे आमची भाकरी, खारूची शाळा. आणि हातावरच थांबणार होतं का? दिशा गेल्या, बोट गेलं, डागही आला. आता तर बायकोच्या आठवणीतही तो माझाच होता. हे सगळं खरं नसेल तर मी वेड्यासारखा एका आजाऱ्याला मरू देत होतो. खरं असेल तरी मरू देतच होतो.

सोळाव्या वर्षी मला तो रेझर का मिळाला नाही, हे मला त्या फेऱ्यांत कळल्यासारखं वाटलं. माझ्या बापाने मला जपलं होतं आणि मी तीस वर्षं त्याला कंजूष समजत आलो. घरी येऊन मी बाबांच्या पायथ्याशी बसलो. त्यांच्या छातीत घरघर होती. ह्याच माणसाने भाजलेल्या हाताने मला भरवलं होतं.

एकदाच, मी ठरवलं. फक्त उद्या. ते सावरले की बंद.

८

रविवारी आठ वाजता मी जुनं ब्लेड डबीतून काढलं आणि पेल्यात घासलं. आधी माझी दाढी, सुलटी, मग उलटी. गाल अगदी गुळगुळीत झाले. मग पाणी, वाटी आणि टॉवेल घेऊन बाबांच्या खोलीत गेलो. त्यांना दोन उशांना टेकवलं, फेस लावला. रेझर गालाजवळ नेला तेव्हा चादरीखालून त्यांचा उजवा हात आला आणि त्याने माझं मनगट धरलं.

दोन दिवस त्या हाताला बोट उचलता येत नव्हतं. आता मला मनगट हलवता येईना.

मला वाटलं, ते मला अडवताहेत. मरायला टेकलेला माणूस, तरी लेकाला जपतोय. "असू दे, बाबा," मी म्हणालो. "तुम्ही उठून बसेपर्यंत. मग बघू."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग रेझर माझ्या हातातून काढून घेतला. मी दिला. त्यांनी ब्रश उचलला, माझ्या गालांना फेस लावला, दोन बोटांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि जबड्याखालून उलटा हात मारला.

तिथे कापायला काही नव्हतं. मी आत्ताच दाढी करून आलो होतो. तरी ब्लेडखाली आवाज येत होता, राठ, दाट, आठ दिवसांची दाढी कापल्यासारखा. बाबांनी रेझर पाण्यात हलवला. फेस वर तरंगला आणि त्याखाली काहीतरी हळूहळू तळाशी बसलं. मी ते पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. ते केस नव्हते, एवढं सांगू शकतो.

मला उठायचं होतं. उजवा पाय ऐकेना. डावा हात चांगला शाबूत होता. तो मी का उचलला नाही, हे मला अजून सांगता येत नाही.

"तोंड वर कर," बाबा म्हणाले.

स्वच्छ, न अडखळता. रेकॉर्ड केलेला आपलाच आवाज ऐकताना वाटतं तसं मला वाटलं.

बायको चहा घेऊन दारात आली होती. तिने कप जागच्या जागी खाली ठेवले. "बोलले," ती म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली. "खारू, लवकर ये. आजोबा बोलले बघ. पप्पांची दाढी करताहेत."

खारू आली. तिने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा बाबांकडे. ती आमच्यापैकी कुणाच्याच जवळ आली नाही. आईच्या मागे जाऊन तिने तिची ओढणी धरली.

मी बायकोला सांगायला तोंड उघडलं. खारूला घेऊन जा, एवढंच सांगायचं होतं. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून फेस आणि लाळ गळ्यावर आली. बायकोने लगबगीने येऊन ती टॉवेलने पुसली.

"गप रे, फेस जातोय तोंडात," ती म्हणाली. मग तिने पाण्यात डोकावून पाहिलं. "पाणी गार झालंय. बाबा, दुसरं आणू का?"

"आण," बाबा म्हणाले. "अजून बरंच राहिलंय."